थेंब बुडला पाहिजे

पंपवाल्याला एकच व्यसन होतं, रक्त द्यायचं. कुणाला तंबाखू सुटत नाही, कुणाला पत्ते, याला हे. त्याची बायको चारचौघांत असंच सांगायची. "आमच्या ह्यांना सांभाळा हं. खाट दिसली की आडवे होतात आणि बाही वर करतात." लोक हसायचे, तोही हसायचा. तिच्या बोलण्यात तक्रार शोधणाऱ्याला मात्र ती सापडली नसती. मनातून तिला नवऱ्याचा फार अभिमान होता.

तो इमारतींचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. जिन्याखालच्या कोंदट खोलीत उकिडवं बसून मोटर उघडायची, अडकलेलं बेअरिंग ठोकून बाहेर काढायचं, झिजलेलं सील फेकून नवं बसवायचं, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी "आलं, आलं!" असं ओरडलं की फडक्याला हात पुसायचे. ते "आलं, आलं" कानावर पडल्याशिवाय तो चहाला शिवत नसे. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. मीटरवर मात्र त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. पाण्याचा दाब दाखवणारं मीटर समोर आलं की आधी बोटाच्या पेराने त्याला टकटक करायचं, काटा हलतो का ते पाहायचं, मग आकडा वाचून त्यातले थोडे मनातल्या मनात वजा करायचे. "स्वस्तातलं मीटर म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ," तो म्हणायचा, "सगळं चढवूनच सांगणार." याच समजुतीने पुढे त्याचा घात केला, पण तेव्हा ते कुणाला कळणार होतं?

रक्त द्यायची सुरुवात लेकीच्या जन्मापासूनची. बाळंतपणात बायकोचा रक्तस्राव थांबेना. रक्त हवं म्हटल्याबरोबर याने दंड पुढे केला, तर याचा गट विरळा आणि नेमका तिला न चालणारा. भलामोठा धडधाकट माणूस, पण त्या दिवशी दवाखान्याच्या दारात तो नुसता हात चोळत उभा होता. रक्त दिलं ते दोन परक्या माणसांनी. एक बसच्या गणवेशातला चालक, दुसरी कॉलेजात जाणारी एक मुलगी. चालकाचे आभार मानायला हा रस्त्यापर्यंत धावत गेला तर बस निघून गेलेली. मुलगी तर कधी गेली तेच समजलं नाही.

बायकोने डोळे उघडले तेव्हा तो उशाशी बसला होता. "अगं," तो म्हणाला, "तुझ्या अंगात आता दोन अनोळखी माणसं आहेत. त्यांचं मी फेडणार."

"फेडा हो, आधी पाणी द्या," ती म्हणाली. पण बोलल्याप्रमाणे त्याने केलं. लेक रांगायला लागायच्या आत तो पहिल्यांदा रक्त देऊन आला आणि त्यानंतर कधी थांबलाच नाही. दोन बाटल्यांचं देणं केव्हाच फिटलं होतं. विचारलं तर म्हणायचा, "व्याज चालू आहे."

रक्तपेढीतली एक गंमत तो पुन्हा पुन्हा सांगायचा. रक्त घेण्याआधी तिथली परिचारिका बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडते. थेंब बुडला तर रक्त चांगलं, तरंगला तर कमी, घरी जा. "माझा थेंब कसा जातो माहितीय? दगडासारखा!" असं म्हणून तो बोटाने हवेतून खाली रेघ ओढायचा. बायकोही एकदा हौसेने त्याच्याबरोबर गेली होती. तिचा थेंब वरच्या वर घुटमळत राहिला. परिचारिका म्हणाली, "ताई, तुम्हीच आधी खा-प्या." तेव्हापासून ती गेली नाही, पण या कामात आपला वाटा म्हणून तिने एक गोष्ट धरली. रोज दुपारी जेवण झालं की शिलाई मशीनवरून उठायची, रक्तवाढीची लाल गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन दाराशी यायची आणि हाक मारायची, "अहो, गोळी!" तो कुठेही असला तरी जेवायला घरी यायचा, आणि आला की ही हाक व्हायचीच. पुढे कित्येक वर्षांनी शेजारणीचं लहान पोर बोलायला लागलं तेव्हा आई-बाबांच्या पाठोपाठ तेच शिकलं.

पुढे लेक शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आणि त्याच सुमारास त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बायकोने तर घरात आणीबाणीच जाहीर केली. साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला, बिस्किटं बंद, चहा फिका. पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "यापेक्षा पंपातलं पाणी बरं." लेकीने साखर मोजायचं एक छोटंसं यंत्र पाठवलं. सकाळी उठून बोट टोचायचं, पट्टीवर थेंब ठेवायचा, आकडा पाहायचा. आकडा यायचा तो दांडगा. तो यंत्राला पेराने टकटक करायचा आणि पुन्हा पाहायचा. तेवढाच.

दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जायचं ते वेगळं. तिथे रक्ताची एक तपासणी करून गेल्या तीन महिन्यांची साखर सांगतात. उपाशीपोटी जावं लागत नाही म्हणून त्याला ती फार सोयीची वाटायची. रक्तपेढी त्याच रस्त्यावर, त्यामुळे रक्त देऊन झालं की आठवडाभरात इकडेही हात पुढे करायचा. आणि आकडा यायचा असा की डॉक्टरसुद्धा पाठ थोपटायचे.

आता घरात दोन साक्षीदार झाले. टेबलावरचं बोटाएवढं यंत्र रोज सकाळी ओरडून सांगतंय साखर जास्त, आणि काचेच्या दारांची थंडगार प्रयोगशाळा सांगतेय सगळं आलबेल. कुणाचं ऐकणार? "मी सांगतो ना," तो म्हणाला, "स्वस्तातलं मीटर चढवूनच सांगतं." बायकोलाही ते पटलं. पटणारच. चांगली बातमी कुणाला नको असते? तिने ते यंत्र पुसून, डबीत घालून, दोऱ्याच्या रिळांच्या खणात मागे सारून दिलं.

मध्ये एकदा तो तापाने पडला. त्या खेपेला रक्त देणं झालं नाही, आणि नेमका त्याच वेळी प्रयोगशाळेचा आकडा चढून आला. दोघंही हबकली. बायकोने भाचीच्या लग्नात त्याने खाल्लेल्या केकचा जाहीर पंचनामा केला. बरं वाटल्यावर तो रक्त देऊन आला आणि पुढच्या वेळी आकडा पुन्हा खाली. पंपवाला जिन्यातूनच ओरडत आला, "अगं, सापडलं! रक्त दिलं की साखर उतरते!"

बिघाड शोधायची त्याची रीतच तशी. एक गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचं. या रीतीने त्याने आयुष्यभर मोटारी चालू केल्या होत्या. मग तो कशाला थांबतोय? एका रक्तपेढीने "इतक्यात नको" म्हटलं की हा दुसरीकडे जायचा आणि तिथे पहिलीचं नाव काढायचा नाही. लोकांचं भलं आणि आपलंही औषध, असा त्याचा हिशेब होता. बायकोने फक्त एवढंच केलं. रोजच्या एका लाल गोळीच्या दोन केल्या.

त्याला दम लागायला लागला ते सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आलं नाही. जिने चढणं हाच त्याचा धंदा. तो प्रत्येक मजल्यावर थांबायला लागला आणि थांबला की भिंतीवरच्या पाइपांकडे मान वर करून पाहत राहायचा. कुणी विचारलं तर, "गळतंय का बघतोय." संध्याकाळी बुटांचा ठसा पायांवर तसाच राहायचा. रात्री एक उशी पुरेना, मग दोन, मग तो भिंतीला टेकूनच डोळा लावायचा. बायकोला वाटलं, रक्त फार जातंय. तिने गोळ्या चुकू दिल्या नाहीत.

शेवटी एका गच्चीवर तो हातातल्या पान्यासकट खाली बसला तो उठेना. लोकांनी दवाखान्यात नेलं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच असतील. पडद्यावर त्याचं हृदय दाखवत त्या म्हणाल्या, "काका, तुमचं हृदय ढकलायचं काम छान करतंय. पण ते सैल होत नाहीये. भिंत कडक झालीय. सैल झालं नाही तर आत रक्त भरणार कसं? मग ते मागे तुंबतं. फुप्फुसात पाणी, पायात पाणी."

तो पडद्याकडे वाकला. "म्हणजे दाबाच्या टाकीतला रबरी फुगा कडक झालाय," तो म्हणाला. "मोटर चांगली, पण टाकी पाणीच घेईना."

"अगदी तसंच."

"तो फुगा आम्ही बदलतो. दुरुस्त होत नाही तो."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी साखरेचं विचारलं तेव्हा तो पुन्हा खुलला. आपले चांगले आकडे सांगितले, रक्त दिलं की साखर कशी उतरते तेही सांगितलं, दोन्ही रक्तपेढ्यांसकट. त्यांची पेन्सिल मध्येच थांबली. त्यांनी त्याला आणखी एका तपासणीला आत पाठवलं आणि बायकोला बसवून घेतलं.

"मावशी, साखर नुसती रक्तात फिरत नाही," त्या म्हणाल्या. "ती अंगातल्या प्रथिनांना चिकटते. तांबड्या पेशींत जे प्रथिन असतं, त्याला किती साखर चिकटली तेच त्या तीन महिन्यांच्या तपासणीत मोजतात. पेशी जुनी असेल तर जास्त चिकटलेली असते, नवी असेल तर कमी. काका सारखं रक्त देत राहिले. जुन्या पेशी बाहेर गेल्या, नव्या आल्या. त्यात तुमच्या गोळ्या, म्हणजे त्या भराभर आल्या. साखरेला चिकटायला वेळच मिळाला नाही. म्हणून आकडा चांगला दिसायचा. साखर मात्र होतीच."

"आणि हृदय?" तिने विचारलं.

"रक्त काही महिन्यांत नवं होतं. हृदयाच्या भिंतीतले धागे वर्षानुवर्षं तेच राहतात. त्यांना चिकटलेली साखर तिथेच बसते आणि एक धागा दुसऱ्याला जखडून टाकते. एवढं एकच कारण आहे असं मी म्हणत नाही. रक्तदाब आहे, वय आहे. पण साखर वेळेवर कळली असती, तर फरक पडला असता."

तिचं सगळं आयुष्य मशीनवर गेलेलं. घाईत सुईखाली कधी कधी कापडाचा नको तो पदर येतो आणि बाहीचं तोंडच शिवलं जातं, हे तिला माहीत होतं. "चुकलेली शिवण उसवता येते," ती म्हणाली. "हे उसवता येतं का हो?"

"नाही, मावशी. पुढची थांबवता येते."

तिने पदराने तोंड दाबून धरलं. मग म्हणाली, "ह्यांना सांगू नका. साखर वाढलीय ते सांगा, रक्त देऊ नका तेही सांगा. पण रक्त दिल्यामुळे ती लपली, एवढं सांगू नका. माझ्यासाठी सुरू केलं होतं त्यांनी ते." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण आपणहून विषय काढणार नाही.

आता तिच्या जिवाला एकच घोर लागला. नवरा किती दिवसांचा सोबती ते तिला कळून चुकलं होतं. ते तिच्या हातात नव्हतं. पण त्याच्या आयुष्यात मिरवावी अशी एकच गोष्ट होती आणि तीच त्याच्या मुळावर आली, हे त्याला न कळता तो जावा, एवढं तिच्या हातात होतं. तिने खोटं बोलायचा सपाटा लावला. रक्त का द्यायचं नाही म्हणाला तर, "हृदयाच्या माणसाचं घेत नाहीत." लाल गोळी का बंद केली म्हणाला तर, "दुसऱ्या गोळीत तीच आहे." लेक सुट्टी काढून आली, तिलाही तिने दारातच बजावलं. लेक स्वयंपाकघरात नळ सोडून रडली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. तो बाहेरून म्हणाला, "नळ बंद करा गं, टाकी रिकामी होतेय."

पाणी उतरवायच्या औषधांनी मधले काही महिने बरे गेले. तो खिडकीत बसून समोरच्या इमारतीच्या पंपाचा आवाज ऐकायचा आणि बेअरिंग कधी जाईल ते सांगायचा. एके दिवशी दुपारी ती मशीनवर असताना तो म्हणाला, "ते छोटं यंत्र काढ."

"कुठलं यंत्र? टाकलं मी ते."

"रिळांच्या खणात आहे. मागे."

तिने ते काढून दिलं. त्याने बोट टोचलं, थेंब ठेवला, आकडा आला. या वेळी त्याने टकटक केली नाही. "दवाखान्यातलं मोठं मशीन आज सकाळच्या तपासणीत हेच सांगत होतं," तो म्हणाला. "हे बिचारं पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं."

तिने कात्री खाली ठेवली.

"हे खरं, तर प्रयोगशाळेचा आकडा चुकीचा. मग एवढी वर्षं तो चांगला का येत होता? तापात पडलो तेव्हाच का बिघडला? एवढं मला कळत नाही असं वाटलं तुला? पंप दुरुस्त करतो मी." त्याला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. "कधीचं कळलंय मला. तू इतकं जीव तोडून खोटं बोलतेस, म्हटलं बोलू दे."

ती त्याच्या गुडघ्याशी बसली. "मी गोळ्या दिल्या हो तुम्हाला," ती म्हणाली. "एकीच्या दोन केल्या. माझ्या हाताने दिल्या."

"दिल्यास. म्हणून तर माझा थेंब बुडायचा." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला आता ग्रीसचा वास येईनासा झाला होता, आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त रडू आलं. "हे बघ. तेव्हाच कुणी मला सगळं सांगितलं असतं ना, तर गोड सोडलं असतं, गोळ्या नीट घेतल्या असत्या, त्या दुसऱ्या पेढीत चोरून गेलो नसतो. गाढवपणा होता तो. पण त्या दवाखान्याच्या दारात मी उभा होतो, तेव्हा तो बसवाला आला नसता तर? जेवढं देता आलं असतं तेवढं दिलंच असतं मी."

एवढं बोलून तो दमला. समोरच्या इमारतीत पंप सुरू झाला होता. तो कान देऊन ऐकत राहिला.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. एका सकाळी बुटांच्या नाड्या बांधायला वाकला आणि तसाच खुर्चीत मागे टेकला. चहा व्हायचा होता. ती आत आधण ठेवत होती आणि त्याला काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

लोकांना वाटलं बाई दगड झाली. तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. लेक महिनाभर राहून गेली, तरी नाही. लेक गेल्यावर तिने त्याचे पाने तेल लावून पिशवीत भरले, बूट उन्हात ठेवले, परत आत आणले. मग एक दिवस रक्तपेढीतून फोन आला. त्या विरळ्या गटाची गरज होती, काका येतील का? "नाहीत हो," एवढंच तिला बोलता आलं. फोन ठेवला आणि तिने चपला घातल्या.

तीच परिचारिका होती, केस पिकलेली. पंपवाला गेल्याचं ऐकून तिने हातातली नोंदवही मिटली. "त्यांच्या जागी माझं घ्या," बायको म्हणाली. "माझा गट तो नाही, पण कुणाला तरी लागेल." परिचारिकेने तिच्याकडे नीट पाहिलं, बोटाला टोचलं आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला.

थेंब खाली गेला नाही. वरच घुटमळला, जरासा पसरला आणि तिथेच राहिला.

"पुन्हा बघा."

"ताई..."

"पुन्हा बघा ना हो. त्यांचा बुडायचा."

परिचारिकेने पुन्हा पाहिलं. दुसराही तरंगला. आणि इतके दिवस न आलेलं रडणं तिला तिथे आलं, त्या उंच स्टुलावर, बोटाला कापूस धरून. एवढी वर्षं तिच्या घरातून रक्त जात होतं, आणि आता तिच्याजवळ द्यायला एक थेंब धड नव्हता. त्या बसवाल्याचं रक्तसुद्धा तिच्यात उरलेलं नव्हतं. रक्त काही महिन्यांत नवं होतं, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. लेक पालथी पडायला लागली तेव्हाच ते संपून गेलं असणार, आणि तिचा नवरा मात्र मरेपर्यंत त्याचं फेडत राहिला होता. परिचारिका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर रांगेत उभी असलेली माणसं आत डोकावून मागे सरली.

"भरून काढा आणि या," निघताना परिचारिका म्हणाली. "मी आहे अजून."

घरी येऊन तिने भात टाकला, जेवली. नेहमीची वेळ झाली तशी फळीवरून पाकीट उतरवलं. त्याच्या लाल गोळ्यांपैकी अर्ध्या तशाच होत्या. एक काढली, पेला भरला, दाराशी आली, आणि कळायच्या आत तोंडून हाक निघून गेली. "अहो, गोळी!"

शेजारच्या दारातून ते पोर धावत आलं, तिच्याकडे पाहिलं आणि उंबऱ्याशी थांबलं.

मग तिने ती गोळी आपल्याच तोंडात टाकली आणि पेलाभर पाणी संपवलं.